प्रश्न विचारायला लावणारे न्यायालय

न्यायालयाने संसदेला एखादे काम करण्याचा आदेश दिला की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींना धडे देऊ नयेत, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू न्यायालयाला लोकशाहीचा तारणहार ठरवून मोकळी होते. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत असते. संसद आणि न्यायालय हे सत्तेसाठी झगडणारे प्रतिस्पर्धी आहेत आणि एकाचे जिंकणे म्हणजे दुसऱ्याचे हरणे, हे दोघेही गृहीत धरतात. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे.

माझे प्रतिपादन असे. सरकारला जाब विचारणे हा संसदेचा ऐच्छिक अधिकार नाही, ते तिचे कर्तव्य आहे. अधिकार वापरायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. कर्तव्य टाळण्याची मुभा बहुमतालाही नसते. म्हणून न्यायालय संसदेला हे कर्तव्य बजावायला लावते तेव्हा संसदेची सत्ता कमी होत नाही. सरकारने बहुमताच्या बळावर गिळलेली सत्ता तिच्याकडे परत येते. मात्र या सक्तीला एक काटेकोर सीमा आहे. प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, एवढेच न्यायालयाने सांगावे. उत्तर काय यावे, हे सांगू नये. ही सीमा कोणती, ती का पाळायची आणि तिच्या आत राहून काय साधते, हे तपासायला सर्वांत चांगले उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे.

१. भिंत नेमकी कोठे आहे?

सत्ताविभाजनाचे पाठ्यपुस्तकातले चित्र नीटनेटके असते. संसद कायदे करते, सरकार ते राबवते, न्यायालय वाद सोडवते. संसदीय पद्धतीत हे चित्र पहिल्या दिवसापासूनच खरे नसते. सरकार संसदेतल्या बहुमतातून जन्माला येते आणि त्याच बहुमताने पुढे सरकारवर नजर ठेवायची असते. म्हणजे संसद आणि सरकार यांच्यामध्ये जी भिंत आपण कल्पितो ती प्रत्यक्षात सभागृहाच्या आतच असते, सत्ताधारी आणि विरोधी बाकांच्या मध्ये. कामकाज काय असेल, चर्चा केव्हा होईल, समितीत कोण बसेल, हे ठरवणारे बहुतेक दोर एकाच बाजूच्या हाती असतात.

पक्षशिस्तीचे कायदे ही पकड आणखी घट्ट करतात. दक्षिण आफ्रिकेत खासदार मतदारसंघातून येत नाही, पक्षाच्या यादीतून येतो. पक्षाने काढले की त्याची खासदारकी जाते. भारतात १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात आले. आयाराम-गयारामांना आवर घालणे हा हेतू योग्यच होता. पण ज्याची खुर्ची पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर टिकते, त्याने त्याच श्रेष्ठींच्या सरकारला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारावा, ही अपेक्षा भाबडी ठरते.

अशा स्थितीत ‘संसदेने ठरवले’ या विधानाचा अर्थ पुष्कळदा ‘सरकारने ठरवले’ एवढाच उरतो. न्यायालय मध्ये पडले की सत्ताविभाजन मोडते, असे म्हणणारे हे विसरतात की ते आधीच मोडलेले असते आणि मोडणारा न्यायाधीश नसतो.

२. न्कांडला: बहुमताने दिलेली दोषमुक्ती

क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या न्कांडला येथे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचे खासगी निवासस्थान आहे. सुरक्षेच्या नावाखाली तेथे सरकारी पैशाने कामे झाली आणि खर्चाचा अंदाज २४.६ कोटी रँडपर्यंत गेला. पब्लिक प्रोटेक्टर हे आपल्या लोकायुक्ताच्या जातीचे, पण थेट संविधानाने निर्माण केलेले पद. त्या पदावरच्या थुली माडोन्सेला यांनी मार्च २०१४ मध्ये अहवाल दिला. जलतरण तलाव, गुरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे, अभ्यागत केंद्र आणि अँफिथिएटर यांचा सुरक्षेशी संबंध नाही. या खर्चाचा वाजवी वाटा झुमा यांनी भरावा, असे त्यांनी सांगितले.

पुढे जे झाले ते जबाबदारी टाळण्याच्या तंत्राचा वस्तुपाठच आहे. झुमा यांनीच नेमलेल्या पोलीसमंत्र्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल तयार केला. तलाव आग विझवण्यासाठी लागतो, राष्ट्राध्यक्षांचे काहीच देणे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑगस्ट २०१५ मध्ये संसदेच्या नॅशनल असेंब्ली या सभागृहाने बहुमताने तो स्वीकारला. ज्याची चौकशी व्हायची त्याच्या हाताखालचा मंत्री निर्दोषत्व जाहीर करतो आणि सभागृह त्यावर शिक्का मारते. प्रक्रियेत बाहेरून काही कमी नव्हते. समित्या झाल्या, चर्चा झाली, मतदान झाले. नव्हती ती फक्त तपासणी.

३१ मार्च २०१६ रोजी संविधान न्यायालयाने एकमताने निकाल दिला. पब्लिक प्रोटेक्टरचा आदेश न्यायालयाने रद्द करेपर्यंत बंधनकारक असतो; तो पटत नसेल तर त्याला न्यायालयात आव्हान द्यावे, ठराव करून तो पुसून टाकता येत नाही, असे सरन्यायाधीश मोखोएंग मोखोएंग यांनी लिहिले. राष्ट्राध्यक्षांनी संविधानाची बूज राखली नाही आणि नॅशनल असेंब्लीही आपल्या कर्तव्यात चुकली, असा निष्कर्ष निघाला. सरकारी यंत्रणांना उत्तरदायी ठरवण्याची व्यवस्था असेंब्लीने केलीच पाहिजे, असे त्या संविधानाचे कलम ५५(२) सांगते. संसदेने संविधानिक कर्तव्य बजावले की नाही हे ठरवण्याचे काम कलम १६७(४) नावानिशी याच न्यायालयाकडे सोपवते. म्हणजे न्यायालय आगंतुक नव्हते. संविधानसभेने त्याला हे काम देऊन ठेवले होते.

त्याच निकालातला संयमही पाहण्यासारखा आहे. सरकारला जाब कसा विचारायचा, कोणत्या समितीतून, कोणत्या पद्धतीने, हे असेंब्लीनेच ठरवावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पैशाचा आकडाही त्याने स्वतः काढला नाही. ते काम अर्थखात्याकडे गेले, तेथे सुमारे ७८ लाख रँड ही रक्कम निघाली आणि झुमा यांना ती भरावी लागली.

३. सक्तीच्या पायऱ्या

हा निकाल एकटा उभा नाही. दक्षिण आफ्रिकेत ही कल्पना टप्प्याटप्प्याने घडली आणि प्रत्येक टप्प्यावर न्यायालयाने प्रक्रियेचा एकेक अडसर दूर केला.

पहिला टप्पा चर्चेचा. २०१२ मध्ये विरोधी पक्षनेत्या लिंडिवे माझिबुको यांनी राष्ट्राध्यक्षांवर अविश्वास ठराव दिला. कामकाज ठरवणारी समिती सहमतीने चालत असे, त्यामुळे ठराव चर्चेला येऊच नये एवढी सोय सत्ताधाऱ्यांकडे होती. अविश्वास ठराव वाजवी वेळेत चर्चेला आणि मतदानाला येण्याची हमी न देणारे नियम संविधानाशी विसंगत आहेत, असे २०१३ मध्ये न्यायालयाने ठरवले आणि ते दुरुस्त करायला असेंब्लीला सहा महिने दिले.

दुसरा टप्पा मतदानाचा. अविश्वास ठरावावर गुप्त मतदान घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी सभापतींची भूमिका होती. तो अधिकार आहे आणि तो विवेकाने वापरायचा आहे, असे न्यायालयाने जून २०१७ मध्ये सांगितले. गुप्त मतदानाचा आदेश मात्र दिला नाही. सभापती बलेका म्बेटे यांनी गुप्त मतदान मान्य केले आणि ८ ऑगस्टला ते झाले. ठराव १७७ विरुद्ध १९८ मतांनी पडला. पण सत्ताधाऱ्यांचे ४०० पैकी २४९ सदस्य असताना फक्त १९८ मते सरकारच्या बाजूने पडली, यातून सभागृहाचे खरे मन प्रथमच मोजले गेले.

तिसरा टप्पा तथ्यशोधनाचा. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की राष्ट्राध्यक्षाला पदावरून दूर करण्याच्या कलम ८९ साठी नियमच न करणे हे कर्तव्यच्युती आहे. राष्ट्राध्यक्षाने संविधानाचा गंभीर भंग केला आहे का, हे आधी तपासून ठरवायला हवे. त्यानंतरच दोन-तृतीयांश मतांचा प्रश्न येतो. नियम विनाविलंब करा, असा आदेश निघाला.

चर्चा, मतदान, तपास, या तिन्ही टप्प्यांत न्यायालयाने एकदाही राष्ट्राध्यक्षाला हटवले नाही. झुमा यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये राजीनामा दिला तो त्यांच्याच पक्षाच्या दबावाखाली.

४. भारतात तीच गोष्ट, आडवाटेने

भारतीय संविधानात कलम ५५(२) सारखी थेट आज्ञा नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, असे कलम ७५(३) म्हणते. दुसरीकडे कलम १२२ कार्यपद्धतीतल्या अनियमिततेवरून संसदेच्या कामकाजाची वैधता न्यायालयात नेण्यास मनाई करते. तरीही आपल्या न्यायालयांनी तेच तत्त्व वेगळ्या वाटेने गाठले आहे आणि त्या वाटेचा एक महत्त्वाचा मुक्काम पुणे आहे.

गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहार सरकारच्या वटहुकमांचा अभ्यास केला. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधिमंडळापुढे न जाताच कायदा चालवण्याची ही युक्ती म्हणजे संविधानाशी लबाडी आहे, असे डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने पुढचे पाऊल टाकले. वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे आणि ते टाळणे हा गंभीर दोष आहे, असे त्या पीठाने सांगितले. दोन्ही निकालांत न्यायालयाने कायद्याचे गुणदोष ठरवले नाहीत. तो सभागृहापुढे न्या, एवढेच म्हटले.

सरकारच्या बहुमताचा प्रश्नही असाच. ते राजभवनात मोजायचे नाही, सभागृहात मोजायचे, हे १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्के केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात त्याचा थेट प्रत्यय आला. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्यायला सांगितली, मतदान गुप्त नको आणि कामकाज थेट प्रक्षेपित करा, असेही बजावले. मुख्यमंत्र्यांनी आदेशाच्याच दिवशी राजीनामा दिला. दक्षिण आफ्रिकेत न्यायालयाने गुप्त मतदानाची वाट मोकळी केली आणि मुंबईबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उघड मतदानाचा आग्रह धरला, यात विसंगती नाही. तेथे भीती पक्षश्रेष्ठींच्या सूडाची होती, येथे घोडेबाजाराची. मत प्रामाणिक असावे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचा २०२३ चा निकाल या तत्त्वाची दुसरी बाजू दाखवतो. राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश देणे चुकीचे होते, असे घटनापीठाने म्हटले. पण तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही म्हटले. सभागृहात जे घडलेच नाही त्याची दुरुस्ती न्यायालयाला करता येत नाही.

विरोधकांना बाहेर ठेवून प्रश्नच बंद करण्याच्या प्रकारालाही एकदा चाप बसला आहे. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ठरवले. तेव्हा सत्तेवर कोण होते आणि तक्रारदार कोण होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढच्याच वर्षी डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या एका अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले. सभागृहाचे संरक्षण ही कोणा एका पक्षाची गरज नसते. आज सत्तेत असलेल्याला ती उद्या लागते.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप: जाब विचारायला निवडणूक आहे, न्यायालय कशाला? याचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत मसुदा मांडतानाच देऊन ठेवले आहे. जबाबदारीची तपासणी दोन प्रकारची असते, मतदारांनी ठरावीक काळाने करायची आणि सभागृहाने प्रश्न, ठराव व चर्चांतून रोज करायची. रोजची तपासणी अधिक परिणामकारक, म्हणूनच संसदीय पद्धत पत्करली, असा त्यांचा युक्तिवाद होता. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव त्याला दुजोरा देतो. २०२४ च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे बहुमत गेले, पण त्याच निवडणुकीत झुमा यांच्या नव्या पक्षाला ५८ जागा मिळाल्या. मतदार एका मतात शेकडो गोष्टींचा कौल देतो. न्कांडलाच्या तलावाचे पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या मतातून काढता येत नाही.

दुसरा आक्षेप: सभागृहाचे नियम ही त्याची अंतर्गत बाब आहे. नियम कसे असावेत, ही अंतर्गत बाब खरीच. नियम असूच नयेत किंवा ते कर्तव्य अशक्य करणारे असावेत, ही अंतर्गत बाब नाही. सहकारी संस्थेचा अध्यक्ष वार्षिक सभाच घेत नसेल तर निबंधक ती घ्यायला लावू शकतो. सभेत कोणता ठराव मंजूर व्हावा, हे तो सांगत नाही आणि त्याने सभासदांचा हक्क हिरावला, असे कोणी म्हणत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ च्या राजा राम पाल निकालात निव्वळ अनियमितता आणि ठळक बेकायदेशीरता यांत फरक केला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: याने साधते काय? न्कांडला निकालानंतर आठवड्याच्या आत, ५ एप्रिल २०१६ रोजी, झुमा यांना हटवण्याचा ठराव २३३ विरुद्ध १४३ मतांनी पडला. पुढे कलम ८९ साठी झालेल्या नियमांनुसार राष्ट्राध्यक्ष सिरिल रामफोसा यांच्या फाला फाला शेतावरील परकीय चलनाच्या प्रकरणी स्वतंत्र पॅनेल बसले. त्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रथमदर्शनी प्रकरण आहे असे म्हटले आणि सभागृहाने डिसेंबरमध्ये २१४ विरुद्ध १४८ मतांनी तो अहवाल पुढे न नेण्याचे ठरवले. बहुमत बहुमतासारखेच वागले, हे मान्यच करायला हवे.

पण यश कशात मोजायचे? हटवले गेले की नाही, यात मोजले तर हे अपयशच आहे. मात्र न्यायालयाचा आदेश हटवण्याचा नव्हताच. २०१५ मध्ये सत्ताधाऱ्यांना अहवाल बाजूला सारून ‘काहीच झाले नाही’ असे म्हणता आले. २०२२ मध्ये निवृत्त सरन्यायाधीशांच्या पॅनेलचा जाहीर अहवाल समोर ठेवून, नाव घेऊन, ‘तरीही पुढे जायचे नाही’ असे मत द्यावे लागले. त्या मताची नोंद राहते, ते न्यायालयात आव्हानपात्र होते आणि मतदाराला माहीत होते. झाकून वाचवणे आणि उघडपणे वाचवणे यांची राजकीय किंमत सारखी नसते.

चौथा आक्षेप एका न्यायाधीशाचाच आहे. न्कांडलाचा निकाल लिहिणाऱ्या मोखोएंग यांनीच डिसेंबर २०१७ च्या बहुमताच्या निकालाला न्यायालयीन अतिक्रमणाचा नमुना म्हटले. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. कर्तव्याची भाषा ताणत नेली तर उद्या न्यायालय समितीची सदस्यसंख्या आणि चर्चेचे तासही ठरवू लागेल. पण धोका आहे म्हणून तत्त्व सोडायचे नसते. त्याला कुंपण घालायचे असते.

६. तीन कसोट्या

ते कुंपण तीन कसोट्यांचे असावे.

एक, कर्तव्य संविधानात शोधता आले पाहिजे. न्यायाधीशाला चांगले वाटणारे संसदीय वर्तन म्हणजे कर्तव्य नव्हे. वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे हे लिखित कर्तव्य आहे. लोकसभेने शक्य तितक्या लवकर उपाध्यक्ष निवडावा, असे कलम ९३ सांगते, तरीही सतराव्या लोकसभेच्या पूर्ण काळात, २०१९ ते २०२४, ते पद रिकामे राहिले. येथे न्यायालयाने बोलायला जागा होती. कोरोनाकाळात सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला, हे तितकेच खटकणारे आहे. पण तो तास संविधानाने दिलेला नाही, सभागृहाच्या नियमांनी दिलेला आहे. तेथे न्यायालयाचा हात पोहोचू नये. त्याविरुद्ध लढणे हे खासदारांचे आणि नागरिकांचे काम.

दोन, आदेश प्रक्रियेचा असावा, फळाचा नसावा. चर्चा घ्या, मोजा, तपासा, निर्णय द्या, हे चालेल. अमुकच निर्णय द्या, हे चालणार नाही. महाराष्ट्रातल्या अपात्रतेच्या याचिकांवर निर्णयासाठी सर्वोच्च न्यायालयाने विधानसभा अध्यक्षांना मुदत घालून दिली, निर्णय मात्र अध्यक्षांनीच १० जानेवारी २०२४ रोजी दिला. तो अनेकांना पटला नाही, तरी क्रम बरोबर होता.

तीन, वेळ. हे बंधन न्यायालयावर आहे. उत्तरदायित्वाचा प्रश्न ताजा असतानाच त्याला अर्थ असतो. बिहारमधल्या ज्या वटहुकमांवर २०१७ मध्ये निकाल आला, त्यांची मालिका १९८९ मध्ये सुरू झाली होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने संसद पाच आठवडे संस्थगित करण्याचा सल्ला २४ सप्टेंबर २०१९ रोजी एकमताने बेकायदेशीर ठरवला, तोही काही दिवसांच्या सुनावणीत. संसद सरकारला प्रश्न विचारू शकली पाहिजे, हे त्या निकालाच्या मुळाशी असलेले एक तत्त्व होते आणि प्रश्न विचारायचे दिवस शिल्लक असतानाच ते सांगितले गेले. उशिरा दिलेला आदेश कर्तव्य चुकवणाऱ्याला बक्षीस ठरतो.

७. न्यायालयाचे काम जेथे संपते

या कसोट्या पाळणारे न्यायालय संसदेचे स्पर्धक नसते. सभागृहात बसलेल्या पण पक्षादेशाने हात बांधलेल्या सदस्यांना ते बोलण्याची संधी मिळवून देते. त्या संधीचे काय करायचे, हे सदस्यांवरच आहे आणि येथेच न्यायालयाचा उपाय अपुरा पडतो. प्रश्न विचारायला लावता येते. विचारणाऱ्याच्या मनातली भीती आदेशाने जात नाही.

ती भीती कमी करायची तर काम कायद्याचे आहे. पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास व अविश्वास ठराव, धनविधेयके आणि अभिभाषणाच्या आभाराचा ठराव एवढ्यापुरतीच ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ती स्वीकारली तर सरकार पडण्याच्या भीतीशिवाय सत्ताधारी बाकांवरचा सदस्यही विधेयकाला विरोध करू शकेल आणि संसदीय समित्यांच्या अहवालांना सभागृहात वजन येईल. प्रत्येक विरोधी पक्षाला विरोधात असताना ही शिफारस आठवते आणि सत्तेत आल्यावर तिचा विसर पडतो. म्हणून न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला की पेढे वाटणाऱ्या पक्षांना एकच गोष्ट विचारावी: सत्तेत आल्यावर तुमच्या आमदार-खासदारांना तुमच्याच मंत्र्यांना प्रश्न विचारू देणार का? ज्या पक्षाकडे याचे उत्तर नाही, त्याला संसदेच्या सार्वभौमत्वाच्या नावाने न्यायालयाला दोष देण्याचा नैतिक हक्क नाही.